आंधळी नाळ

मी दगड सोडला आणि मनात मोजू लागलो. एक. दोन म्हणतोय तोवर खालून आवाज आला. दगड पडायला जितके सेकंद लागले त्यांचा वर्ग करायचा आणि सोळाने गुणायचं, की साधारण खोली फुटांत मिळते. चौसष्ट. खात्रीसाठी दुसरा दगड टाकला. मग तिसरा.

"साहेब," मागून बुधी म्हणाली, "दगड टाकून कडा कमी व्हायचा नाय."

आम्ही तिघं एका नाळेत अडकलो होतो. नाळ म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली उभी घळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळतं, आणि उन्हाळ्यात, वाट असेल तर, माणसं चढतात-उतरतात. आमच्या खाली चौसष्ट फुटांचा सरळ तुटलेला कडा होता. वर, जिथून आम्ही आलो तिथे, पंचवीस फुटांची भिंत होती. अर्ध्या तासापूर्वी ती भिंत नव्हती. या दोहोंच्या मध्ये शंभरएक फूट लांबीचा, दहा-बारा पावलं रुंदीचा, दगडगोट्यांनी आणि झुडपांनी भरलेला उतार. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मे महिना होता.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. पेट्रोल रेशनवर होतं, आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर पळवायची टूम निघाली होती. म्हणजे गाडीच्या मागे एक भट्टी बसवायची, तिच्यात लाकडी कोळसा जाळायचा आणि त्या धुरावर इंजिन चालवायचं. कोळसा हवा म्हणजे जंगल हवं. जंगल तोडायचं तर आधी ते मोजायला हवं. मी कर्जतच्या ऑफिसात सर्व्हेअर होतो, वय सव्वीस, नोकरीत अजून कन्फर्म झालेलो नव्हतो. इन्स्पेक्टर साहेबांनी एप्रिलअखेर मला बोलावून सांगितलं, "पाध्ये, खांडसच्या वरच्या अंगाची बाउंडरी पाऊस लागायच्या आत टेबलावर हवी." त्या एका वाक्यावर मी महिनाभर पळत होतो. जेवताना पळत होतो आणि झोपेतही पळत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

बरोबर गणपत. हा पोशीरचा. घरची भातशेती, अंगानं पैलवान, नेरळच्या जत्रेत कुस्त्या मारलेला. तो आमच्याकडे खलाशी होता. समुद्राशी काही संबंध नाही. सर्व्हेच्या कामात साखळी ओढणाऱ्या, झेंडे रोवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणत. साखळी म्हणजे आमचं माप. लोखंडी तारेच्या शंभर कड्या, एकूण सहासष्ट फूट.

आणि वाटाडी म्हणून बुधी. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली, चाळिशीची बाई. खरं तर वाटाड्या तिचा नवरा, पण तो तापानं पडला होता. आदल्या दिवशी मी वाडीत गेलो तेव्हा तीच कोयता कमरेला लावून उभी राहिली. मी नाराज झालो होतो, हे लपवत नाही. गणपत तर तोंडावर म्हणाला, "बाई काय वाट दावणार?" ती चालू लागली. संध्याकाळी आम्हाला तिच्या मागे धापा टाकत यावं लागलं.

त्या सकाळी आम्ही डोंगराच्या माथ्यावर होतो. खालच्या टोकाला एक खूण बघायची राहिली होती. नेहमीच्या वाटेनं गेलो तर वळसा, अर्धा दिवस जाणार. माझ्या हातातल्या शीटवर, म्हणजे छापील नकाशावर, या नाळेतून तुटक रेघ काढलेली होती. तुटक रेघ म्हणजे पायवाट.

"ही नाळ आंधळी हाय," बुधी म्हणाली. "खाली वाट नाय."

"शीटवर आहे."

"आसंल. पण खाली नाय. माझ्या लगनाच्या साली कडा कोसळला तवापासून इकडं गुरूबी उतरत नाय."

मी शीटकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "पंधरा मिनिटांत खाली असू," म्हणालो आणि उतरायला लागलो. गणपत माझ्यामागे. घळीत एका ठिकाणी तीन-चार मोठे धोंडे एकावर एक अडकून पायऱ्यांसारखे झाले होते. त्यांवरून आम्ही उतरलो. बुधी वर उभी राहिली. मग तीही निघाली. ती शेवटच्या धोंड्यावर असताना तो सुटला. त्याच्यामागे बाकीचे सुटले. धूळ खाली बसली तेव्हा बुधी माझ्यापासून दहा हातांवर पडली होती, कोपर आणि गुडघा सोललेला. आणि पायऱ्यांच्या जागी नागडा कातळ होता.

"तू वर थांबली का नाहीस?" मी विचारलं.

"साहेबाला सोडून वर कशी ऱ्हाऊ? वाडीत काय सांगू?"

आधी आम्ही भिंतीवर प्रयत्न केला. गणपतच्या खांद्यावर बुधी उभी राहिली. ती चवड्यांवर उंच झाली तरी वरची कड तिच्या हातापासून दोन पुरुष लांब होती, आणि हात लावावा तिथला दगड निघून येत होता. साखळीचं टोक वर फेकून बघितलं. अडकायला काही नव्हतं. ओरडून बघितलं. माणसं खाली होती, कोळसा पाडायच्या भट्ट्यांवर, दोन-तीन कोसांवर. शिवाय आम्ही तीन-चार दिवस रानातच राहू असं मीच सगळ्यांना सांगून आलो होतो. कोणी शोधायला निघेल अशी वेळ यायला अजून बराच अवकाश होता.

शिधा माथ्यावरच राहिला होता. बरोबर काय होतं ते सांगतो. माझी पाण्याची बाटली, अर्धी. चार भाकऱ्या, थोडी चटणी. बुधीचा कोयता. साखळी, दोन झेंडे, प्लेन टेबल म्हणजे नकाशा काढायचा तिवईवरचा फळा, कंपास, फील्डबुक. ऐन वेळी यातल्या कशाचा किती उपयोग होईल हे ऑफिसनं आम्हाला कधी शिकवलं नव्हतं.

"साखळी सहासष्ट फूट, कडा चौसष्ट," गणपत म्हणाला. "वर झाडाला बांधू, मी उतरतो. खाली गेलो की वाडीत जातो."

"साखळी मोजायची असते, लटकायची नसते," मी म्हणालो. "कड्यांना जोडणाऱ्या रिंगा नुसत्या वाकवून बसवलेल्या असतात. वजन आलं की उघडतील."

"मग काय करायचं?"

"बसा," बुधी म्हणाली. ती सावलीला बसलीही होती. नाळेचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारपर्यंत आत सावली होती. "आधी बसा. मग बघू."

मला बसवेना. आजही सांगता येत नाही की मला कसली घाई होती. जायला जागा नव्हती तरी मी चालत होतो. भिंतीपाशी जाई, दगड चाचपी, परत कड्यापाशी येई, वाकून बघे, पुन्हा भिंतीपाशी. दोनदा चार-पाच फूट चढून घसरलो. पाणी तीन वेळा प्यालो. गणपत माझ्याकडे बघत होता.

मी तिसऱ्यांदा भिंतीवर चढत होतो, पाठ कड्याकडे. तेव्हा बुधीची हाक आली. हाक अशी नव्हे, नुसतं "आरं रं रं" असं काहीतरी. मी वळलो. गणपतनं साखळी पायरीच्या झाडाला बांधली होती. पायर हे कातळात मुळं घालून वाढणारं झाड. आणि तो कडेवर नव्हता.

साखळीची आठ-दहा फूट लांबी उरली होती, बाकी खाली गेली होती. गणपत मात्र तळाला गेला नव्हता. कडेच्या खाली दहा फुटांवर हातभर रुंदीची एक पट्टी होती, तिच्यावर तो एका झुडपाला मिठी मारून पडला होता. उजवा पाय घोट्यापाशी भलत्याच बाजूला वळला होता.

"ओरडू नको," मी वरून म्हणालो. तो ओरडत नव्हताच. मीच ओरडत होतो.

त्याचं मुंडासं वर राहिलं होतं. ते आम्ही पिळून दुहेरी केलं, झाडाला वेढा देऊन खाली सोडलं. एका पायावर उभं राहून त्यानं ते धरलं आणि हातांच्या जोरावर वर आला. आम्ही ओढलं, पण खरं काम त्याच्या दंडांनी केलं. दुसरा कोणी असता तर त्या पट्टीवरच राहिला असता.

वर आल्यावर तो बराच वेळ डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "तुमी मला सांगितलं नको म्हणून. पण तुमीबी धडपडतच व्हता की साहेब. मला वाटलं, साहेबाला धीर नाय, म्हणजे काय खरं नाय."

प्लेन टेबलाच्या तिवईचा एक पाय मोडून बुधीनं त्याच्या घोट्याला दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या आणि मुंडाशाच्या पट्टीनं आवळल्या. मी ते बघत बसलो.

बारानंतर ऊन आत आलं. तापलेल्या कातळाची धग काय असते हे तव्यावरच्या भाकरीलाच विचारावं. बुधीनं आम्हाला पायरीच्या मुळांखाली एका कपारीत सरकवलं आणि स्वतः उन्हातच बसून राहिली, एका जागी टक लावून. मला वाटलं हिला चक्कर आली.

"काय बघतेस?"

"गांधीलमाशी."

एक माशी कातळाच्या एका भेगेशी उतरत होती आणि उडून जात होती. मग दुसरी. "ही एवढ्या उन्हात दगडाला कशाला बसंल?" बुधी म्हणाली. तिथे जाऊन तिनं कोयत्याच्या टोकानं माती उकरली. माती काळी होती. आणखी वीतभर उकरल्यावर ओली लागली. तिनं ओंजळीएवढा खड्डा केला, तळाला पानं घातली आणि परत आली. मी लगेच उठून बघायला गेलो. कोरडा. पाच मिनिटांनी पुन्हा गेलो.

"साहेब, तुमी गेलात की माती पडती त्यात," ती म्हणाली. "दिस कलला की बघू."

दिवस कलला तेव्हा खड्ड्यात गढूळ पाणी होतं. आपण चहाला घेतो त्या कपानं मोजलं तर दीड कप. तिनं पदराच्या टोकानं गाळून आधी गणपतला दिलं.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. गणपत कण्हत होता आणि मी घड्याळाला चावी देत होतो. एकदा दिलेली असतानाही देत होतो.

सकाळी बुधी झुडपांतून फिरली आणि केवणीच्या फांद्यांचा भारा घेऊन आली. केवणी म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप. ज्याच्या पिळदार शेंगा लहान मुलांना उगाळून देतात तेच. त्याच्या सालीला चिवट धागा असतो. त्या भागातले लोक त्याचे दोर वळतात आणि त्या दोरांवरून कड्यावरचा मध काढतात.

"दोर वळू," ती म्हणाली. "आज दिसभर. उद्या मी उतरंन. मी हलकी हाय."

"किती लांब लागेल?" मी विचारलं. मग मीच हिशेब केला. कडा चौसष्ट, झाडापासून कडेपर्यंत नऊ, झाडाला वेढा आणि गाठ पाच. अठ्ठ्याहत्तर. पीळ दिल्यावर साल आखडते म्हणून आणखी पाचवा हिस्सा. तीन पदरी म्हणजे त्याच्या तिप्पट, जवळजवळ दोनशे ऐंशी फूट. आकडा ऐकून गणपत हसला. अडकल्यापासून पहिल्यांदाच.

"एवढी केवणी हाय का हितं?"

"हाय," बुधी म्हणाली. "मी काल मोजली."

म्हणजे आम्ही धडपडत होतो तेव्हा ही बसल्या जागेवरून झुडपं मोजत होती.

काम असं लावलं. बुधी फांद्या तोडून साल सोलणार. मी सालीच्या पट्ट्या दगडावर ठेचून मऊ करणार. गणपत पडल्या पडल्या पीळ देणार. पैलवानाचे हात, त्यानं पीळ दिलेला धागा तारेसारखा होई. माझ्या तळहातांना तासाभरात फोड आले आणि दुपारपर्यंत ते फुटले. पण खरं सांगायचं तर त्या फोडांचे उपकार आहेत. हात गुंतले होते म्हणून पाय गप्प होते. तरी मधूनच मी उठे. समोर, लांब, माथेरानचा सपाट डोंगर दिसत होता. तिथे या घडीला लोक घोड्यावरून फिरून येऊन सरबत मागवत असतील, हे मनात आलं की मी कड्यापर्यंत जाऊन यायचो.

अशाच एका फेरीनंतर मी बुधीवर चिडलो. "तुला काहीच कसं वाटत नाही? इतकी निवांत कशी बसतेस?"

तिनं सोलायचं थांबवलं नाही. "घरी माणूस तापानं पडलाय. त्याला पेज कोण देतं काय ठाव. शेळ्या बांधून आलीय, कोणी सोडल्या का नाय ठाव नाय. मला काय घाई नाय? पण घाई दावू कोणाला? कड्याला?"

त्यानंतर मी बराच वेळ ठेचत राहिलो.

दोर एका दिवसात होईल हा तिचा अंदाज मात्र चुकला. संध्याकाळपर्यंत साठ फूट झाला. झऱ्याचाही अंदाज चुकला. दुसऱ्या दिवशी पाणी कपभरच आलं. भाकऱ्या संपल्या होत्या. करवंदाची एक जाळी होती, तिच्यावर आम्ही राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दोर पुरा झाला. बुधी लगेच उतरायला निघाली तेव्हा मी अडवलं. माझ्या हातून झालेलं पहिलं शहाणपणाचं काम ते हेच असावं. टेबलाच्या कॅनव्हासच्या पिशवीत दगड भरले, बुधीच्या वजनाहून जास्त होतील इतके. गणपतनं बसल्या जागेवरून पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "आणखी दोन टाका, साहेब. बाईमाणूस वाटतं तेवढं हलकं नसतं." पिशवी दोराला बांधून कड्यावरून सोडली. दोरानं कुरकुर केली, पण तग धरला.

"मी खाली गेली की दोर वर ओढून घ्या," बुधीनं मला सांगितलं. "माणसं गोळा करायची, दोर घ्यायचे, मोठ्या वाटेनं माथ्यावर चढायचं, मग वरून ह्या नाळेत यायचं. आज दिस बुडायच्या आत नायतर उद्या सकाळी. तोवर बसा. फकस्त बसा."

ती उतरली. तळाला पाय टेकल्यावर तिनं दोराला दोन झटके दिले आणि वर न बघता गेली.

मी बसलो. साधारण एक वाजेपर्यंत. गणपतचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता, अंगात ताप होता. खड्डा कोरडा होता. मी माती आणखी खोल उकरली, तर भेगच बुजली. तो पाणी मागत नव्हता, पण जीभ ओठांवरून फिरवत होता, आणि ते बघणं मागण्यापेक्षा वाईट होतं. मला सारखं वाटू लागलं की बुधी येणार नाही. तिचा नवरा मेला असेल, किंवा ती वाटेत पडली असेल. चार वाजता मी ठरवलं की आपणच उतरायचं, पाणी शोधायचं, यायला जमलं तर वर यायचं. वर कसं यायचं याचा विचार मी केला नव्हता. मी उठलो.

"साहेब," गणपत म्हणाला.

"पाणी बघून येतो."

"नका जाऊ. तुमी उठलात की मला वाटतंय, सोडून चाललात."

"असा कसा सोडीन?"

"तसं नाय. मला म्हाईत हाय. पण वाटतंय."

मी तरी दोराकडे गेलो. आमच्या कामात रोज सकाळी साखळी बाहेर काढली की ती कडीकडीनं बोटांतून फिरवायची असते, कुठे रिंग उघडली नाही ना बघायला. वर्षानुवर्षांची सवय. त्या सवयीनं मी दोर हातांतून फिरवत गेलो. जिथे तो कड्याच्या धारेवर घासला होता तिथे बोटं थांबली. तीन पदरांपैकी दोन तुटले होते. तिसरा निम्मा उसवला होता. मध्ये गाठ मारली तर दोर आखूड पडला असता, आणि दुसरी केवणी उरली नव्हती.

मी दोर गुंडाळून ठेवला आणि गणपतच्या डोक्याशी जाऊन बसलो. तो विचारत राहिला, मी सांगत राहिलो. घरी कोण कोण, कोकणातलं गाव कुठलं, सर्व्हेत कसा आलो. मग तो सांगू लागला. पोशीरला त्यांच्या शेतात कुठल्या खाचरात पाणी आधी भरतं, कुठल्यात नंतर, आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, कोण कोण येतं, बैलांची नावं. बोलता बोलता थांबला की मी पुढचं विचारायचो. मला शेतीतलं काही कळत नव्हतं, पण त्या संध्याकाळी मी बैलांबद्दल विचारायचं काही शिल्लक ठेवलं नाही. अंधार पडला तरी कोणी आलं नाही. मी उठलो नाही. हे मला जमलं, एवढंच त्या चार दिवसांत माझ्या नावावर लिहायला हरकत नाही.

सकाळी उजाडता उजाडता वरून दगड घरंगळले आणि हाक आली. भिंतीच्या वर सात माणसं होती, त्यांच्या खांद्यांवर मधाचे जाड दोर. मधोमध बुधी. पहिल्यांदा खाली आला तो पाण्याचा भोपळा. मग एक माणूस. गणपतला घोंगडीच्या झोळीत बांधून वर ओढलं, तेव्हा कातळाला पाय लागला आणि त्याची शुद्ध हरपली. वाडीपर्यंत त्याला बांबूवर आळीपाळीनं खांदा देत नेलं. मी मागून चालत होतो. बुधीला विचारलं, "नवरा कसा आहे?"

"ताप उतारलाय. शेळ्या शेजारणीनं सोडल्या व्हत्या," ती म्हणाली. "उगीच काळजी केली."

चौथ्या दिवशी संध्याकाळी बैलगाडीतून कर्जतला आलो. गणपतला दवाखान्यात पोचवलं आणि दोन दिवसांनी ऑफिसात रिपोर्ट लिहायला बसलो. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असत. मी लिहिलं, की वाटाड्याची वाट चुकल्यामुळे पार्टी नाळेत अडकली. एका ओळीत काम झालं. साहेबांनी वाचलं.

"ठीक आहे. त्या वाडीचा वाटाड्या यापुढे घ्यायचा नाही, असा शेरा मारतो." त्यांनी पेन उचललं.

मी म्हणालो, "साहेब, वाट चुकली नव्हती."

"मग?"

"ती नको म्हणाली होती. मी शीट दाखवली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता. "पाध्ये, हे लिहिलंस तर तुझ्या कन्फर्मेशनच्या कागदात जाईल. खलाशी जायबंदी, साखळी गेली, आणि कारण सर्व्हेअरचा निर्णय. विचार करून लिही. आजच द्यायला हवं असं नाही."

मला पुन्हा उठावंसं वाटत होतं. बाहेर जावं, एक फेरी मारावी. मी कागद ओढला आणि तिथेच बसून दुसरा रिपोर्ट लिहिला. "वाटाडीने आगाऊ सूचना दिली होती. ती मी मानली नाही. शीटवरील पायवाट आज अस्तित्वात नाही." तीन वाक्यं. साहेबांनी सही केली.

माझं कन्फर्मेशन पुढे ढकललं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या वाडीत पुन्हा गेलो, तेव्हा नवरा बरा होता, पण मी वाटाडी म्हणून बुधीलाच मागितलं. प्रत्येक घळीच्या तोंडाशी मी थांबून विचारायचो, "ही कशी?" दोन दिवसांत ती कंटाळली. म्हणाली, "साहेब, नीट असंल तर मी चालतीच हाय ना पुढं."

गणपतचा पाय वाकडाच जुळला. कुस्ती सुटली, खलाशाचं कामही सुटलं. पोशीरला तो शेती बघू लागला आणि गावातल्या पोरांना डाव शिकवू लागला. मी जायचो तेव्हा तो सगळ्यांदेखत सांगायचा, की हा साहेब एक अख्खी संध्याकाळ माझ्या बैलांची चौकशी करत बसला होता. लोक हसायचे. त्यांना त्यात काय विशेष ते कळत नसे.

पुढे मी स्वतः इन्स्पेक्टर झालो आणि खलाशी निवडायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्मवर उंची, छाती, नजर, अक्षरओळख असे रकाने असत. ते मी भरायचोच. पण त्याआधी उमेदवाराला ऑफिसबाहेरच्या आंब्याखाली बसायला सांगायचो आणि तासभर बोलवायचो नाही. काही जण पाच-पाच मिनिटांनी दारात येऊन विचारत, माझं काय झालं. काही जण आपलं आपलं बसून राहत, इकडेतिकडे बघत. आत आल्यावर मी विचारायचो, बाहेर काय काय दिसलं. ज्याला सांगता येई त्याला मी घेत असे. त्या माणसांनी मला रानात कधी फसवलं नाही.

माझा स्वतःचा निकाल विचाराल तर सांगतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही एस.टी. यायच्या आधी मी तीन वेळा रस्त्यावर जाऊन बघतो.